दोन पानं की फूल? गोव्याच्या राज्याची गोष्ट

गेल्या १ मेची गोष्ट. झेंडावंदन करून आम्ही सगळ्या मेसमध्ये पोह्यांच्या लाईनीत उभ्या होतो. आमच्या विंगमधली नागपूरची एक जण दंडाला काळी फीत बांधून आली होती. तिच्या घरी महाराष्ट्र दिन काळा दिवस म्हणून पाळतात. तिच्या मागे उभी होती माझी रूममेट, साताऱ्याची. तिला ती फीत बघून खरंच वाईट वाटलं. "आमचं एवढं काय वाईट वाटतं गं तुम्हाला?" एवढंच ती म्हणाली आणि वादाला तोंड फुटलं. सिंचनाचा बॅकलॉग, नोकऱ्या, नागपूर करार, मुंबई, सगळं निघालं. पोहे गार झाले. शेवटी तुमसरची एक जण म्हणाली, "गोव्याले भेटलं ना राज्य? दोन खासदारांचा गोवा! मंग आपल्याले काऊन नाही?" त्यावर कोणीतरी म्हणालं, "अगं, गोव्याचं वेगळं आहे. पोर्तुगीज सोडून गेले तेव्हाच तो राज्य झाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

नंतर वाचायला बसले तेव्हा कळलं की ते वाक्य दोन्ही बाजूंनी चूक आहे. पोर्तुगीज 'सोडून' गेले नाहीत. आणि ते गेल्यावर गोवा लगेच राज्यही झाला नाही. त्याला आणखी पंचवीस वर्षं लागली. मधल्या काळात गोव्याच्या लोकांना मतपेटीतून एक प्रश्न विचारला गेला होता. तो प्रश्न आपल्याबद्दल, म्हणजे महाराष्ट्राबद्दल होता. त्यांनी त्याला 'नको' असं उत्तर दिलं. हे मला शाळेत कुठल्याच धड्यात भेटलं नव्हतं. तुम्हालाही भेटलं नसेल तर हा लेख तुमच्यासाठी.

साडेचारशे वर्षं

क्षेत्रफळाने गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण आपल्या भंडारा जिल्ह्याएवढाच. एवढ्याशा जागेवर पोर्तुगीज किती काळ होते? अफोन्सो द अल्बुकर्क याने आदिलशाहीकडून गोवा कायमचा जिंकला तो नोव्हेंबर १५१० मध्ये. तेव्हा बाबर दिल्लीला आलेला नव्हता आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला एकशेवीस वर्षं होती. इंग्रजांचं राज्य आपल्याला जुनं वाटतं, पण नागपूरकर भोसल्यांचं राज्य आणि त्याबरोबर आपला भंडारा खालसा झाला तो १८५३ मध्ये. म्हणजे आपल्याकडे इंग्रजांचा थेट अंमल शंभर वर्षंही नव्हता. गोव्यात पोर्तुगीज ४५१ वर्षं होते.

पण सगळा गोवा एकदम त्यांच्या हाती आला नाही, आणि पुढच्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. तिसवाडी, बारदेश, सासष्टी हे समुद्राजवळचे तालुके सोळाव्या शतकात गेले. त्यांना 'जुन्या काबिजादी' म्हणतात. तिथे धर्मांतरं झाली, देवळं पडली, १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं आणि ते कायमचं उठलं १८१२ मध्ये. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या 'नव्या काबिजादी' मिळाल्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोपर्यंत तो जोर ओसरला होता. त्यामुळे तिथे देवळं टिकली, कीर्तनं टिकली आणि गावशाळेतली मराठी टिकली. घरात दोन्हीकडे कोकणीच. पण लिहायला-वाचायला एकीकडे पोर्तुगीज आणि रोमन लिपीतली कोकणी, दुसरीकडे मराठी. एकाच भंडाऱ्याएवढ्या प्रदेशात दोन वेगळे इतिहास.

लोक गप्प बसले होते असंही नाही. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला उठाव झाला, १७८७ मध्ये पिंटोंचा कट झाला, १८५२ मध्ये सत्तरीत दीपाजी राणे उठले. आणि १८ जून १९४६ ला मडगावच्या मैदानात डॉ. राममनोहर लोहियांनी भाषणबंदी मोडली. त्यांना तिथेच पकडलं. गोव्यात १८ जून अजून क्रांतिदिन म्हणून पाळतात.

'ही वसाहत नाहीच!'

१९४७ ला इंग्रज गेले. मग फ्रेंच आणि पोर्तुगीज? फ्रेंचांनी बोलणी केली. ऑक्टोबर १९५४ मध्ये पाँडिचेरीच्या १७८ लोकप्रतिनिधींनी मतदान केलं, १७० जण भारताच्या बाजूने गेले आणि १ नोव्हेंबरला कारभार आपल्याकडे आला. गोळी चालली नाही.

पोर्तुगालमध्ये मात्र सालाझारची हुकूमशाही होती. त्याने १९५१ मध्ये एक युक्ती केली. घटना बदलून वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' असं नाव दिलं. म्हणजे आमच्याकडे वसाहतच नाही, मग सोडायचं काय? जसा लिस्बन तसा पणजी. आपण भाड्याने राहतो त्या खोलीच्या मालकाने उद्या सांगावं की ही खोली भाड्याची नाहीच, तुम्ही माझ्या घरातलेच आहात, तसा हा प्रकार. त्यात पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा सदस्य. १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर काढलेल्या संयुक्त पत्रकात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हटलं गेलं. दिल्लीत त्यावरून फार संताप झाला होता. भारताने लिस्बनमधली आपली वकिलात १९५३ मध्येच बंद केली होती.

मग लोकच पुढे सरसावले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी दादरा आणि नगर हवेली घेतलं. त्या स्वयंसेवकांमध्ये आपले गायक-संगीतकार सुधीर फडके होते! गीतरामायणाच्या आदल्या वर्षी बाबूजी सिल्वासाच्या मोहिमेत होते, हे वाचून मी दोनदा खात्री करून घेतली. पोर्तुगाल यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६० मध्ये निकाल लागला, त्यात त्याला भारतातून सैन्य नेण्याचा हक्क मिळाला नाही.

१९५५ मध्ये महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याच्या हद्दीत शिरू लागल्या. सेनापती बापट, नानासाहेब गोरे, मधु लिमये सगळे गेले. मार खाल्ला, काही जणांनी तुरुंग भोगला. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो निःशस्त्र लोक सीमा ओलांडून गेले आणि पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून जास्त माणसं मेली. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे थांबवली.

आता नाकेबंदीने गोवा दोन महिन्यांत टेकीला यायला हवा होता. तो का आला नाही? उत्तर आपल्याला कळण्यासारखं आहे, कारण आपल्या तुमसरकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. गोव्यातही लोखंडाच्या आणि मँगनीजच्या खाणी. त्या काळात जपानचे पोलाद कारखाने पुन्हा उभे राहत होते आणि त्यांना खनिज हवं होतं. मुरगाव बंदरातून बोटी भरून खनिज जायचं आणि त्या पैशात बाहेरून माल यायचा. दुकानं विलायती मालाने भरलेली होती. या खाणींमधून जे स्थानिक लोक श्रीमंत झाले त्यातलं एक नाव लक्षात ठेवा: दयानंद बांदोडकर.

छत्तीस तास

डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव करून सांगितलं की गोवा हा स्वराज्य नसलेला प्रदेश आहे, पोर्तुगालचा प्रांत नव्हे. सालाझारने ऐकलं नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून भारतीय बोटीवर गोळीबार झाला आणि नेहरूंनी शेवटी सैन्याला परवानगी दिली.

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखाली सैन्य गोव्यात शिरलं. नाव 'ऑपरेशन विजय'. पोर्तुगीजांनी माघार घेताना पूल उडवले. त्यामुळे खरा उशीर झाला तो लढाईने नाही, नदी ओलांडण्याने. (सिव्हिलवाल्यांनो, ऐकताय ना?) सालाझारचा हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी तो पाळला नाही. त्यांनी १९ डिसेंबरच्या रात्री शरणागतीवर सही केली. पुढे त्यांना पोर्तुगालच्या सैन्यातून काढून टाकलं. पण त्यांच्या त्या एका 'नाही'मुळे किती जीव वाचले असतील याचा विचार करा.

संयुक्त राष्ट्रांत अमेरिका-ब्रिटनने भारताविरुद्ध ठराव आणला, रशियाने व्हेटो वापरला. पोर्तुगालने हे सगळं मान्य केलं ते थेट डिसेंबर १९७४ मध्ये, त्यांच्याकडची हुकूमशाही पडल्यावर.

म्हणजे स्वातंत्र्य मिळालं साधारण छत्तीस तासांत. राज्य मिळायला पंचवीस वर्षं. आपण पुस्तकात पहिली गोष्ट वाचतो, दुसरी कोणी सांगत नाही.

मेस कमिटी आणि रेक्टर

१९६२ मध्ये घटनेची बारावी दुरुस्ती झाली आणि गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. केंद्रशासित म्हणजे काय, हे हॉस्टेलच्या भाषेत सांगते. मेस कमिटी आपण निवडतो. मेनू ती ठरवते. पण रेक्टर सरांची सही झाल्याशिवाय एक पनीरची भाजीसुद्धा वाढत नाही. तसंच इथे. आमदार निवडा, मुख्यमंत्री करा, पण नायब राज्यपाल दिल्लीचा आणि शेवटचा शब्दही दिल्लीचा.

९ डिसेंबर १९६३ ला गोव्यात पहिली निवडणूक झाली. जागा तीस. सगळ्यांना वाटलं, नेहरूंनी मुक्त केलं म्हणजे काँग्रेस येणार. गोव्यात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही! महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १४ आणि युनायटेड गोवन्स पक्षाला १२. बांदोडकर, म्हणजे भाऊसाहेब, मुख्यमंत्री झाले आणि डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षनेते. एका पक्षाचं म्हणणं होतं गोवा महाराष्ट्रात विलीन करा, दुसऱ्याचं म्हणणं तो वेगळा ठेवा.

आपल्याला, म्हणजे महाराष्ट्राकडून बघणाऱ्यांना, हे सोपं वाटतं. मराठी वाचतात ना, मग यायचं महाराष्ट्रात. पण जरा दोन्ही बाजूंनी बघू.

विलीनीकरण हवं असणारे बहुतेक गरीब बहुजन हिंदू होते, विशेषतः नव्या काबिजादींमधले. जमीन कसायची त्यांनी, मालक भाटकार. घरही भाटकाराच्या जागेत. अशा माणसाला तिथे मुंडकार म्हणतात. मालक म्हणाला तर उठायचं. महाराष्ट्रात कूळकायदा आला होता, जमिनी कुळांना मिळत होत्या. त्या माणसासाठी महाराष्ट्र म्हणजे नकाशा नव्हता, पायाखालची जमीन होती. शिवाय शाळा. भाऊसाहेबांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या तेव्हा कित्येक घरांतली पहिली पिढी पाटीवर अक्षर गिरवायला बसली.

आणि नको म्हणणारे? त्यांना वाटत होतं की चार कोटींच्या महाराष्ट्रात सहा लाखांचा गोवा म्हणजे एक जिल्हा होऊन जाईल. कलेक्टर बाहेरचा, नोकरीतली माणसं बाहेरची, निर्णय मुंबईत. मुक्तीनंतर परगावचे अधिकारी गोव्यात आले होते, त्याचा अनुभव ताजा होता. आणि कोकणीला मराठीची बोली म्हणून बाजूला सारतील, ही भीती.

खरं सांगू? पहिलं कारण वाचताना मला वाटलं विलीनीकरण व्हायलाच हवं होतं. दुसरं वाचताना मला आमच्या मेसमधला वाद आठवला. 'निर्णय मुंबईत होतात' हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

फूल आणि दोन पानं

बांदोडकरांकडे विधानसभेत बहुमत होतं. ठराव करून विलीनीकरण मागणं त्यांना सोपं होतं. सिक्वेरांचा आग्रह असा की एवढी मोठी गोष्ट आमदारांनी ठरवायची नाही, लोकांना विचारा. निवडणुकीत माणूस शाळा, रस्ता, उमेदवार सगळं बघून मत देतो. हा प्रश्न मात्र एकटा विचारला पाहिजे. शेवटी दिल्लीने मान्य केलं. १९६६ च्या शेवटी संसदेत जनमत कौलाचा कायदा झाला. मुख्यमंत्रीच प्रचारात असतील तर मतदान निष्पक्ष कसं होणार, म्हणून बांदोडकरांचं मंत्रिमंडळ आधी पायउतार झालं.

तारीख १६ जानेवारी १९६७. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना कळावं म्हणून कागदावर दोन चित्रं. विलीनीकरण हवं तर फूल. केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. 'वेगळं राज्य' असा पर्याय कागदावर नव्हताच, हेही लक्षात ठेवा.

प्रचारात सगळ्यात मजेची गोष्ट वर्तमानपत्रांची. 'गोमन्तक' हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने. आणि विरोधातलं मोठं दैनिक 'राष्ट्रमत', तेही मराठीच! उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर लिहीत. म्हणजे 'आम्हाला महाराष्ट्रात यायचं नाही' हे गोव्याच्या हिंदू माणसाला उत्तम मराठीत पटवून दिलं गेलं. मराठीवर प्रेम असणं आणि महाराष्ट्रात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इथे पहिल्यांदा नीट कळलं.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत एक सिस्टर होत्या, सासष्टीच्या. भूगोल शिकवायच्या. हा लेख लिहायचं ठरल्यावर त्यांना फोन केला. त्या तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. त्यामुळे ते मतदानाला नव्हते. आईला वाचता येत नव्हतं. तिने मुलांना घराच्या भिंतीवर चुन्याने दोन पानं काढायला लावली. समोरच्या घराच्या भिंतीवर फूल होतं. "मग तुमचं भांडण झालं का?" मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, दोन महिने दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, पण विहीर एकच होती, त्यामुळे किती दिवस बंद राहणार?

आकडे काय सांगतात

मतदान झालं ३,१७,६३३, म्हणजे यादीतल्या सुमारे ८२ टक्के लोकांचं. दोन पानांना १,७२,१९१ मतं. फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

आता हे आकडे थोडे उलगडून बघू. तेव्हा गोव्यात ख्रिश्चन लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती. दोन पानांना मिळाली ५४ टक्के. म्हणजे 'ख्रिश्चनांनी महाराष्ट्र नाकारला' हे जे सोपं वाक्य ऐकू येतं ते गणितात बसत नाही. बऱ्याच हिंदूंनीही दोन पानांवर शिक्का मारला, त्याशिवाय हा आकडा येत नाही. आणि ४३ टक्क्यांहून जास्त लोकांना महाराष्ट्र हवा होता, हेही तितकंच खरं. तो काही एकतर्फी निकाल नव्हता.

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. कोण निवडून आलं? पुन्हा भाऊसाहेब बांदोडकर! ज्या लोकांनी जानेवारीत त्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा नाकारला, त्यांनीच मार्चमध्ये त्यांना मुख्यमंत्री केलं. म्हणजे लोकांनी सांगितलं, तुम्ही आम्हाला हवे आहात, तुमच्या शाळा हव्या आहेत, फक्त विलीनीकरण नको. प्रश्न एकटा विचारला की उत्तर किती स्वच्छ येतं बघा. आणि भाऊसाहेबांनीही कौल मान्य करून कारभार केला. १९७३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते मुख्यमंत्री होते, नंतर त्यांची मुलगी शशिकला काकोडकर झाल्या.

आणखी वीस वर्षं

जनमत कौलाने 'महाराष्ट्र नको' हे ठरलं, 'राज्य हवं' हे मिळालं नाही. रेक्टरची सही चालूच. १९७१-७२ मध्ये हिमाचल प्रदेश, मणिपूर, त्रिपुरा, मेघालय राज्यं झाली. गोवा थांबला.

एक मोठा अडथळा होता भाषेचा. आपल्याकडे राज्यं भाषेवर झाली. मग गोव्याची भाषा कोणती? १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं. १९८५ पासून राजभाषेसाठी आंदोलन पेटलं. कोकणीवाले एकीकडे, मराठीवाले दुसरीकडे. डिसेंबर १९८६ मध्ये दंगली झाल्या, माणसं मेली. ज्या गोव्यात १९६७ चा कौल शांतपणे झाला, तिथे भाषेवरून रक्त सांडलं, हे वाचून वाईट वाटतं.

४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला. देवनागरीतली कोकणी ही राजभाषा, आणि सरकारी कामासाठी मराठीही वापरता येईल, अशी तडजोड. दोन्हीकडचे थोडे नाराज, पण वाट मोकळी झाली. त्याच फेब्रुवारीत मिझोराम आणि अरुणाचल राज्यं झाली आणि ३० मे १९८७ ला गोवा भारताचं पंचविसावं राज्य झाला. दमण आणि दीव वेगळे होऊन केंद्रशासित राहिले (२०२० पासून ते दादरा-नगर हवेलीबरोबर एकत्र आहेत). कोकणी १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली.

पाँडिचेरी आठवतंय? फ्रेंचांनी शांतपणे दिलेलं ते आजही केंद्रशासितच आहे. जगातही हेच दिसतं. अमेरिकेने स्पेनकडून १८२१ मध्ये ताब्यात घेतलेला फ्लोरिडा १८४५ मध्ये राज्य झाला. रशियाकडून १८६७ मध्ये विकत घेतलेल्या अलास्काला १९५९ उजाडलं. आणि स्पेनकडून १८९८ मध्ये घेतलेला पोर्तो रिको, अनेकदा मतदान होऊनसुद्धा, अजून राज्य नाही. जुना मालक जाणं आणि आपलं घर आपल्या नावावर होणं या दोन वेगळ्या तारखा असतात. कधी कधी दुसरी तारीख येतच नाही.

आणि आपण?

माझे आजोबा लाखनीजवळच्या गावचे. जन्म १९४२. ते गमतीने म्हणतात, "माझा जन्म मध्यप्रांत-वऱ्हाडात झाला, प्राथमिक शाळा मध्य प्रदेशात, मॅट्रिक मुंबई राज्यात आणि नोकरी महाराष्ट्रात. आणि घर काही मी बदललं नाही!" मी हे लहानपणापासून जोक म्हणून ऐकत होते. लेख लिहिताना तारखा लावून बघितल्या. १९५० मध्ये मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० ला महाराष्ट्र. मधे १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचं वेगळं राज्य करा अशी शिफारस केली होती, त्यात भंडारा होता. ती मानली गेली नाही. आजोबांचा जोक शब्द न् शब्द खरा आहे.

"आजोबा, तुमच्या घरी कोणी विचारलं होतं का, कुठे जायचं ते?" मी विचारलं.

"विचारते कोण?" ते म्हणाले. "पेपरात वाचलं."

कायद्याने विचारायची गरजही नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्य करणं किंवा मोडणं संसदेच्या हातात आहे. विधानसभेचं मत मागवतात, पण ते बांधील नाही. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक नाकारलं, तरी तेलंगणा झालं. गोव्याला विचारलं गेलं हा नियम नव्हता, अपवाद होता. आणि तो अपवाद झाला कारण तिथे कोणीतरी हट्ट धरला की आधी विचारा.

वेगळा विदर्भ हवा की नको, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. सिंचनाचे आकडे वाचले की एक वाटतं, रूममेटशी बोलले की दुसरं वाटतं. बांदोडकरांच्या बाजूच्या त्या मुंडकारासारखी आणि सिक्वेरांच्या बाजूच्या त्या सिस्टरच्या आईसारखी, दोन्ही माणसं आपल्या जिल्ह्यातही असतील. पण एवढं मला पटलंय की हा प्रश्न मेसमध्ये एकमेकींवर ओरडून सुटणारा नाही. गोव्याने दोन चित्रं कागदावर छापली, एक दिवस मतदान केलं, आणि हरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात केली. 'तुमच्याबरोबर राहायचं नाही' म्हणजे 'तुम्ही आवडत नाही' असं नसतं, हे त्यांनी दोन महिन्यांत दाखवून दिलं.

हा लेख द्यायच्या आदल्या रात्री मी रूमवर तो मोठ्याने वाचला. नागपूरचीही होती. मार्च १९६७ चा भाग आला तेव्हा साताऱ्याची माझी रूममेट म्हणाली, "म्हणजे त्यांनी भाऊसाहेबांना नाही म्हटलंच नव्हतं, फक्त विलीनीकरणाला म्हटलं?"

"हो."

ती जरा वेळ गप्प बसली. मग नागपूरच्या मैत्रिणीकडे बघून म्हणाली, "मग ती फीत माझ्यासाठी नाही ना?"

"नाही गं बाई," ती म्हणाली. "तुझ्यासाठी काऊन राहीन?"

पुढच्या १ मेला ती फीत बांधणारच आहे. आणि माझी रूममेट झेंडावंदनाला जाणारच आहे. पण पोहे मात्र या वेळी गरम गरम खायचे, असं आमचं ठरलंय.